तिच्या नावाच्या गोळ्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि ज्या बाईला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला आपण घरचं सगळं सांगून टाकतो ना — तसं. फरक इतकाच की तो माणूस पुढच्या थांब्यावर उतरून जातो, आणि हे छापलं गेलं तर इथंच राहणार आहे. राहू दे.

मी विज्ञानाचा शिक्षक. दोंडाईच्याजवळच्या एका गावात राहतो, तिथल्याच हायस्कूलमध्ये शिकवतो. गावातल्या निम्म्या बापांना आणि त्यांच्या पोरांना मीच शिकवलंय, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन आहे. ही बढाई नाही. पुढे जे झालं त्यात हेच वजन कामी आलं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एक पाहणी सुरू झाली. माणसाच्या मनाची उदासी मोजायची. हसू नका, मीही हसलो होतो. ताप मोजता येतो, साखर मोजता येते; उदासी कशी मोजणार? पण त्यांची पद्धत साधी होती. ठरलेले थोडे प्रश्न. गेल्या पंधरा दिवसांत झोप लागली का, जेवावंसं वाटलं का, कशात मन रमलं का, रडू आलं का, आपण कुणाच्या कामाचे उरलो नाही असं वाटलं का. उत्तर चारांपैकी एक — कधीच नाही, काही दिवस, बरेच दिवस, रोजच. त्याला गुण. चिठ्ठ्या टाकून घरं निवडली होती. नवऱ्यालाही विचारायचं, बायकोलाही, आणि दर वर्षी त्याच घरी येऊन तेच पुन्हा विचारायचं. चिठ्ठीत आमचंही घर निघालं.

विचारायला प्रज्ञाताई यायची. मूळची चाळीसगावची, समाजकार्य शिकलेली, वयाने माझ्या मुलीएवढी, पण कामाला मोठी चोख. तिने मला समजावलं की सगळी मेख विचारण्यात आहे. बाईला एका रीतीने विचारलं आणि पुरुषाला दुसऱ्या, तर दोघांचे आकडे शेजारीशेजारी ठेवता येत नाहीत. यंदा एक रीत आणि पुढच्या वर्षी दुसरी, तर माणूस बदलला की विचारणं बदललं हे कळत नाही. मला हे कुणी शिकवायला हवं होतं का? पोरांना मी दर वर्षी हेच सांगतो. लाकडी पट्टीचं टोक झिजलेलं असेल तर कितीही वेळा मोजा, प्रत्येक वेळी तेच उत्तर येईल, आणि प्रत्येक वेळी चुकीचं. पोरं मान डोलावतात. मीही तिच्यापुढे तशीच मान डोलावली.

आणि मग त्याच बैठकीत मी पट्टीचं टोक झिजवलं.

तिचा नियम होता की प्रत्येकाला एकट्याला विचारायचं, घरात, दुसरं कुणी जवळ नसताना. बायकांचं ठीक होतं. मागच्या खोलीत, चुलीपाशी बसून ती विचारू शकत होती. पुरुषांचं आलं तेव्हा मी घसा खाकरला. म्हणालो, ताई, हे खेडं आहे. तरुण मुलगी एकेका गड्याला घेऊन खोलीत बसली तर उद्या तुझंही नाव होईल आणि त्याचंही. पुरुषांना आपण सोसायटीच्या ओट्यावर बसवू. सगळे येतील, चहा होईल, मी स्वतः शेजारी बसतो. ती म्हणाली, "सर, पण एकट्याला विचारायचा नियम आहे." मी म्हणालो, नियम पुण्यात करतात, गावात मी राहतो. ती बिचारी नवी होती. तिने वर विचारलं, वरून होकार आला — 'स्थानिक रूढीचा मान राखावा' असं काहीतरी.

आता खरं कारण सांगतो. नाही — आधी हे सांगतो की दिलेलं कारण अगदीच खोटं नव्हतं. लोक बोलले असते. आमच्याकडे बोलतातच. पण मी ते प्रज्ञाताईसाठी म्हणालो नव्हतो. मला तिच्यासमोर एकटं बसायचं नव्हतं. चार भिंती, ती आणि मी, आणि तिने शांतपणे विचारलं असतं, सर, रडू येतं का — तर मला माहीत होतं काय झालं असतं. मी रडलो असतो.

कारण त्या दिवसांत मी रोज रडत होतो. घरातून शाळेला निघायचो आणि वाटेत कापसाच्या जुन्या, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे, जिथे कुणी फिरकत नाही, तिथे स्कूटर लावून उभा राहायचो. का रडतोय हे मला माहीत नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, मुलगी नाशकात सुखात होती. तरी सकाळी उठलं की अंगावर ओलं पोतं टाकल्यासारखं वाटायचं. अंघोळीला बसलो की तांब्या हातात तसाच राहायचा, पाणी निवून जायचं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो की पुन्हा पोरांकडे वळावंसं वाटायचं नाही. आणि घरी? घरी मी रडत नव्हतो. घरी मी ओरडत होतो. भाजीत मीठ कमी, ओरड. दार वाजलं, ओरड. एकदा भरलं ताट उचलून अंगणात फेकलं. शेजारी म्हणाले, सरांचा स्वभाव जरा तापट झालाय. बघा, बाई रडली की आजार आणि पुरुषाने ताट फेकलं की स्वभाव. हे मी आज म्हणतोय. तेव्हा मला ते फार सोयीचं होतं.

तर ओटा. आमच्या गावचा सोसायटीचा ओटा म्हणजे निंबाखालचं दगडी बांधकाम, सकाळ-संध्याकाळ तिथे गावचे पुरुष असतात. बातम्या, राजकारण, एकमेकांची टिंगल — सगळं तिथेच. तिथे माणूस मेला तरी चालेल, पण रडला असं होऊ नये. प्रज्ञाताई खुर्चीवर, मी तिच्या शेजारी, समोर सगळे. तिने विचारायचं आणि त्यांनी छाती काढून 'नही' म्हणायचं. नही, नही, नही. एकजण म्हणाला, "ताई, आम्ही खान्देशना माणसं, भरीत-भाकर खातस नि घोरतस. रडनं कसाले?" सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो.

गुलाबभाऊ मात्र थांबले. गुलाबभाऊ म्हणजे माझ्याच वयाचे, लाकडाची वखार चालवतात, मितभाषी माणूस. झोपेचा प्रश्न आला आणि त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. खाली बघत राहिले. ओठ हलले. मला कळलं — एका आजाऱ्याला दुसरा आजारी लगेच ओळखू येतो. त्यांनी 'बरेच दिवस' म्हटलं असतं तर कदाचित त्यांच्यामागून आणखी कुणी म्हटलं असतं. कदाचित मीही. आणि म्हणूनच मी घाईघाईने म्हणालो, गुलाबभाऊंना झोप कशी लागणार, स्वतःच्या घोरण्यानेच त्यांना जाग येते. हशा पिकला. गुलाबभाऊही हसले, आणि म्हणाले, "नही ताई. तसं काही नही." माझी पाळी आली तेव्हा मी सगळ्यांना 'कधीच नाही' म्हणून मोकळा झालो.

ही चूक मोठी आहे, पण मी सांगायला बसलो ती ही नव्हे.

माझी बायको शोभा. माहेर अमळनेरकडचं. ती मांडे करते. बाहेरच्यांसाठी सांगतो — मांडे म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, पण ती पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवत नेतात, कोपरापर्यंत मोठा होतो, आणि मग तो चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकतात. पाहणाऱ्याला वाटतं आता फाटणार, पण फाटत नाही. सगळ्याच बाया करतात, पण ज्यांच्या हाताला ते खरं जमतं अशा गावात थोड्याच. आमच्या गावात लग्न असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण असो, पहिलं बोलावणं शोभाला यायचं. हे पैशाचं काम नाही. मानाचं आहे. ती खापरापुढे बसली की बाकीच्या बाया तिचे हात बघत बसत. एरवी ती कमी बोलणारी बाई, पण तिथे बसली की गाणी सुचत तिला, बोलणी सुचत, टोमणेसुद्धा.

प्रज्ञाताईने तिला आमच्या मागच्या खोलीत, नियमाप्रमाणे एकटीला विचारलं. ओट्यावरचं उरकून आम्ही घरी आलो होतो, मी बाहेर ओसरीवर बसलो. बराच वेळ दार बंद होतं. ताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा गंभीर होता. म्हणाली, सर, बाईंचे गुण फार जास्त आलेत, त्यांना धुळ्याला डॉक्टरांकडे न्यायला हवं. मी चाट पडलो. शोभा? शोभा तर ठणठणीत होती. थोडी थकलेली असेल, माझ्या ओरडण्याने कोमेजलेलीही असेल. पण तिलाही सकाळी उठवत नाही? तिचंही पाणी निवून जातं? आपण कुणाच्या कामाचे नाही?

तिला मी काही विचारलं नाही. का नाही विचारलं? याचं उत्तर मला माहीत आहे, आणि तुम्हालाही एव्हाना आलं असेल.

धुळ्याला आम्ही एसटीने गेलो. सरकारी दवाखान्यात मी तिच्या शेजारी बसलो. डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. त्यांनी विचारलं, काय होतं? शोभा खाली बघून सांगू लागली. सकाळी अंग उचलत नाही. अंघोळीला बसलं की हात थांबतो. रस्त्यात मध्येच थांबून रडावंसं वाटतं. आणि मग म्हणाली, वर्गात — आणि थांबली. क्षणभरच. मग म्हणाली, घरात, घरात पाठ वळवून उभं राहावंसं वाटतं. डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. ती माझा आजार सांगत होती. अक्षरन् अक्षर माझा. जिनिंगच्या मागचंही तिला ठाऊक होतं. कसं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, सर, तुम्हालाही असंच दिसतं का? आणि मी — ऐका हं — मी म्हणालो, हो डॉक्टर. तिला असंच होतं. मग मला थांबताच येईना. तिला असं वाटतं की आपण मेलो तर कुणाला दोन दिवसांच्या वर कळणार नाही. तिला लोकांचं हसणं लांबून आल्यासारखं ऐकू येतं. तिला स्वतःच्या आवाजाची चीड येते. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझं दुखणं खरंखरं सांगत होतो, आणि प्रत्येक वाक्याच्या आरंभी 'तिला' म्हणत होतो. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बायकोकडे फार बारकाईने लक्ष देता, असे नवरे कमी असतात.

गोळ्या तिच्या नावाने मिळाल्या. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर तिने पाण्याचा तांब्या आणला, एक गोळी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या." बस, एवढंच. मी घेतली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, ते दुसऱ्या कुणासाठी नसेल, माझ्यासाठीच असेल. महिन्या-महिन्याला धुळ्याला जायचं, तिने माझी तब्येत स्वतःची म्हणून सांगायची, डॉक्टरांनी तिला तपासायचं, आणि संध्याकाळी मी गोळी गिळायची. आम्ही यावर एक शब्द बोललो नाही. तुम्ही म्हणाल, नवरा-बायकोत असं कसं चालेल? चाललं. वर्षानुवर्षं चाललं.

मी बरा होऊ लागलो. एकदम नाही. उन्हाळ्यात विहिरीला पाणी चढत नाही, पण पावसानंतर कधी चढलं हे जसं नेमकं सांगता येत नाही, तसं. एके दिवशी लक्षात आलं की आपण जिनिंगजवळ थांबलोच नाही, सरळ शाळेत आलो. वर्गात एका पोराने वेडं उत्तर दिलं आणि मला हसू आलं. ताटं अंगणात जायची थांबली.

पण गावात एक गोष्ट पसरली होती. एसटी थांब्यावर, दवाखान्यात, औषधाच्या दुकानात कुणी ना कुणी पाहतंच. सरांच्या बाईला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. बिचारे सर, किती करतात तिचं. दर महिन्याला स्वतः नेतात. मला रस्त्यात थांबवून लोक माझं कौतुक करायचे. आणि मी काय करायचो? मान खाली घालायचो, विनयाने. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त मूठ तिची होती आणि सव्वा लाख माझे.

आता येतो. इतका वेळ फिरत होतो, आता येतो.

आबांच्या मुलीचं लग्न ठरलं. आबा म्हणजे आमच्या गल्लीतले वडीलधारे, शोभाला लेकीसारखं मानणारे. मोठ्या मुलीच्या लग्नात शोभानेच मांडे केले होते आणि व्याह्यांनी नाव काढलं होतं. आबा घरी आले. मी ओसरीवर पोरांचे पेपर तपासत होतो. ते बसले, इकडचं तिकडचं बोलले, मग आवाज बारीक करून म्हणाले, "सर, मांडासले वहिनीले बलावू का? घरमा बाया म्हणतीस, गोळ्या चालू शेतस, इस्तोजोडे काही व्हई गयं तर. मी म्हनं सरलेच इचारू. तुम्ही म्हणा तसं."

इस्तोजोडे म्हणजे विस्तवाजवळ. बघा, त्यांनी मला विचारलं. बायांचं ऐकून परस्पर नाही म्हटलं नाही. चालत घरी आले आणि मला विचारलं. मी काय म्हणू शकलो असतो? आबा, तिला काही झालेलं नाही, खुशाल बोलवा — एवढं म्हणणंसुद्धा पुरलं असतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तर गोळ्या कशाला? आणि मग? एक वाक्य होतं, माझ्या जिभेवर आलं होतं. गोळ्या माझ्या आहेत आबा. चार शब्द.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या आबा. तिले इस्तोजोडे नको."

हे ते. हेच सांगायचं होतं. आजार लपवला ते नाही, ओटा मांडला तेही नाही, गोळ्या गिळल्या तेही नाही. तिचं डोकं ठिकाणावर होतं, तिचा हात खंबीर होता, तिने माझ्यासाठी स्वतःच्या अंगावर वेडाचा शिक्का घेतला होता, आणि मी माझ्या तोंडाने त्या शिक्क्यावर सही केली. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. विचार करायला वेळ नव्हता असंही नाही. आबांनी तंबाखू मळून होईपर्यंत वाट पाहिली होती.

त्या लग्नात खापरापुढे दुसरी बाई बसली. शोभा मांडवात सर्वांबरोबर बसून जेवली, म्हणाली, मांडा जरा जाड झालाय. एकदा सरांनी नको म्हटल्यावर पुन्हा कोण बोलावणार? आखाजीला नाही, बारशाला नाही, कुठेच नाही. मी बरा झालो, तशा धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. बोलावणी मात्र बंद ती बंदच राहिली.

पाहणीचं काय झालं तेही ऐका, म्हणजे हसायला येईल. दर वर्षी प्रज्ञाताई आली. दर वर्षी बायका घरात, पुरुष ओट्यावर, कारण रीत बदलायची नाही असा नियम. माझाच नियम आता त्यांचा झाला होता. शोभाचे गुण उतरत गेले — अर्थात उतरणार, कारण ती प्रामाणिकपणे माझेच सांगत होती. पुण्याहून मोठ्या बाई आल्या, ग्रामपंचायतीत सभा घेतली, म्हणाल्या, इथल्या महिलांमध्ये उपचारांनी छान फरक पडतोय. पुरुषांचं मोजमाप तर दर वर्षी अगदी स्थिर आहे. ओट्यावरचे लोक छाती फुगवून एकमेकांकडे बघू लागले. गावच्या दवाखान्यात दर बुधवारी समुपदेशन, फक्त महिलांसाठी, अशी पाटी पंचायतीबाहेर लागली. सभा संपल्यावर गुलाबभाऊ त्या बुधवारच्या पाटीपुढे थोडा वेळ उभे राहिले आणि वखारीकडे गेले. मी पाहिलं. हाक मारली नाही.

यंदा प्रज्ञाताई पुन्हा आली. आता ती पोक्त झालीय, दुसऱ्यांना शिकवते. मी तिला म्हणालो, मला घरात एकट्याला विचार. ती आत आली. तिने विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत झोप लागली? लागली. रडू आलं? नाही. कामाचे उरलो नाही असं वाटलं? नाही. सगळी उत्तरं 'कधीच नाही', आणि या वेळी सगळी खरी. आधीच्या खोट्या उत्तरांच्या शेजारी ती ठेवली तर तसूभर फरक दिसणार नाही. माझं मोजमाप स्थिर! मला हसू आलं आणि मग मी तिला सांगितलं की आधीची सगळी खोटी होती, आणि ओटाही माझीच युक्ती होती. मागच्या वर्षांमधल्या पुरुषांच्या उत्तरांवर विश्वास ठेवू नका, आमच्या घरातल्या बाईच्याही नको, ती वेगळ्या माणसाची आहेत. तिने कागद मिटले. चिडली होती, आणि चिडायलाच हवं होतं. तिची इतक्या वर्षांची मेहनत मी मातीत घातली होती. शेवटी म्हणाली, "सर, हे मला वर कळवावं लागेल." मी म्हणालो, कळव. ती गेली. गुलाबभाऊंच्या वखारीकडे गेली, एकटीच, ओट्याला वळसा घालून. तिकडे बराच वेळ होती.

पण तिलाही मी आबांचं सांगितलं नाही. ते जमलं नाही. ते इथे लिहिलं.

लिहून झाल्यावर वाटलं, हे छापायला द्यायचं तर शोभाला आधी वाचून दाखवायला हवं. नाव तिचं आहे. गावात वर्तमानपत्रं-मासिकं ओट्यावर येतात, तिथे हे मोठ्याने वाचलं जाईल, आबाही ऐकतील. दुपारी ती गहू निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. मध्ये कुठे थांबलो नाही. ती निवडत राहिली. ताट फेकल्याचं आलं तेव्हा हलकेच हसली. दवाखान्याचं आलं तेव्हाही हात चालूच होते. आबांपाशी आलो, ते वाक्य वाचलं, आणि मी मान वर केली.

ती म्हणाली, "आबा उनात तवय मी मांगला दारमाच व्हती. माले बठ्ठं ऐकू उनं."

मग सूप झटकलं आणि पुढचे गहू ओतून घेतले.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून. मी ज्याला इतकी वर्षं झाकून ठेवलं म्हणत होतो ते या घरात कधी झाकलेलं नव्हतंच. विचित्र वाटेल, पण मला एकदम हलकं वाटलं. लपवायला काही उरलं नाही की माणूस असाच मोकळा होतो की काय, मला माहीत नाही. मी तिथेच भिंतीला टेकून बसून राहिलो. आणि मग त्या दिवसाची संध्याकाळ आठवली. आबा उठून गेले होते, दिवेलागण झाली होती, आम्ही जेवलो होतो. तिने सगळं ऐकलं होतं. तरी ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, गोळी माझ्या हातावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली.